कोल्हापुरात व्हॅनमध्ये राहायचं असेल तर गाडीआधी गाव जुळवा

व्हॅनमध्ये राहायचा विचार असलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘गाडी कुठली घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘पहाटे साडेपाचला संडासला कुठं जाणार?’ मी विषय टाळतोय असं काहींना वाटतं. पण तीन पावसाळे व्हॅनमध्ये काढल्यावर एवढं मला पक्कं कळलंय की व्हॅन म्हणजे फक्त झोपायची खोली. मोरी, संडास, चूल, कपडे वाळत घालायची दोरी, टपाल यायचा पत्ता, हे सगळं गावभर पसरलेलं असतं. ते जुळलं तर साधी गाडीही पुरते. ते जुळलं नाही तर दहा लाखांची गाडीसुद्धा दोन महिन्यांत विकायला निघते.

माझं काम मशीन दुरुस्तीचं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, इचलकरंजीचे माग, कधी गडहिंग्लज, कधी चंदगड. राजारामपुरीत भाड्याची खोली होती. महिन्यातल्या चार-पाच रात्री कामाच्या गावी लॉजवर जायच्या आणि इकडं रिकाम्या खोलीचं भाडं चालूच. हत्यारं न्यायला गाडी तर लागणारच होती. मग तिच्यातच झोपलं तर, या विचारानं मी सुरुवात केली.

गाडी घेण्याआधीचा महिना

पहिला महिना खोली सोडू नका, गाडीही बघू नका. खोलीत राहूनच, गाडीत असल्यासारखं राहा. म्हणजे घरचा संडास, मोरी, गॅस आणि नळ वापरायचा नाही. एक वही घ्या आणि रोज कुठं काय उरकलं, किती वाजता, किती पैसे गेले ते लिहा. आठव्या दिवशी कळतं की आपण कशात अडतो. माझं अडलं ते कपड्यांत. मशीनवर काम करणाऱ्याचे कपडे तेलकट असतात, ते बादलीत निघत नाहीत. त्यामुळं लाँड्रीवाला गाठणं हे माझं गाडीच्या आधीचं काम ठरलं.

रात्रीच्या जागा तीन हव्यात: एक कायमची, एक अडीनडीची आणि एक फक्त पुरासाठी. कायमची जागा फुकट मिळवायच्या मागं लागू नका. रस्त्याकडेला गाडी लावून झोपणं दोन-चार रात्री जमतं, मग आसपासच्या लोकांच्या डोळ्यावर येतं आणि ते रास्तही आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस उभी राहिलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या गाडीतून किंवा पायी कामाला गेलात, तर इथं गाडी नव्हे, तुमचं घर उचललं जातं.

माझी कायमची जागा शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचं आवार आहे. रात्री आठनंतर तिथली लेथ मशीनं थांबतात आणि अख्खा भाग गप्प होतो. मालकीणबाईंना मी आधी काम करून दाखवलं होतं, ओळख होती. तरी विचारायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाबा, खोली सोडून गाडीत? घरात काय झालं काय?’ मी वही दाखवली, हिशेब सांगितला. त्यांनी दोन अटी घातल्या: आवारात चूल पेटवायची नाही आणि मित्रांना बोलावून बसायचं नाही. महिन्याला १,५०० रुपये ठरले. त्यात नळाचं पाणी, संडास आणि रात्रीचं बंद फाटक. हे ठरलं त्या दिवशी माझं अर्धं घर उभं राहिलं. तुम्हीही असं आवार शोधा. ट्रान्सपोर्टचं आवार, वखार, गॅरेज, मंगल कार्यालयाची मागची बाजू, नात्यातल्या कुणाचा मळा. भाडं द्या, दर महिन्याला ठरल्या तारखेला द्या, आणि कायम दिसत राहा. रात्री गुपचूप येऊन पहाटे निघून जाणाऱ्या माणसाचा संशय येतो. रोज ‘काय काकू, जेवण झालं का’ म्हणणाऱ्याचा येत नाही.

कामाच्या गावी मी महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यांवर थांबतो, जिथं ट्रकवाले झोपतात. आधी जेवायचं, मग गल्ल्यावर विचारायचं, ‘रात्री गाडी लावून झोपू का?’ आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. रंकाळ्याचा काठ संध्याकाळी कितीही सुंदर वाटला तरी राहायची जागा नव्हे. गर्दी उशिरापर्यंत असते आणि पहाटे चारपासून फिरायला येणारे सुरू होतात. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात परवानगीशिवाय रात्र काढायचा विचारही करू नका. ते अभयारण्य आहे, गव्यांचं घर आहे.

संडासाचं उत्तर एकच असून चालत नाही. आवारातला, पेट्रोल पंपावरचा, बसस्थानकातला पैसे देऊन वापरायचा, असे तीन-चार माहीत हवेत आणि त्यांच्या उघडायच्या वेळाही. गाडीत फक्त आजारपणासाठी घट्ट झाकणाची बादली, जाड पिशव्या आणि लाकडाचा भुसा ठेवा. भुसा वखारीत मागितला तर कुणीही देतं. प्रत्येक वेळी वरून दोन मुठी टाकला की वास दबतो. ती पिशवी कोंडाळ्यात फेकू नका, सफाई कामगाराला ती हातानं उचलावी लागते. मळ्यात मालकाला विचारून खड्डा करा, पिशवीतला नुसता मैला त्यात रिकामा करा आणि मातीनं बुजवा.

आंघोळीसाठी मी व्यायामशाळेची वर्गणी भरतो, महिन्याला ७०० रुपये. व्यायाम होतो आणि गरम पाणी मिळतं. पाण्याचा खर्च गाडीत रोज दहा-बारा लिटर आहे, त्यामुळं २० लिटरचा एक कॅन वापरायला आणि ५ लिटरचा प्यायला पुरतो. त्याहून जास्त पाणी वाहणं म्हणजे पेट्रोल जाळणं.

पत्ता मात्र हलवू नका. आधार, बँक, मतदार यादी, लायसन, सगळं आई-वडिलांच्या किंवा भावाच्या घरच्या पत्त्यावर राहू द्या, त्यांना तसं स्पष्ट सांगून. गाडीला पत्ता नसतो आणि प्रत्येक कागदाला तो लागतो.

गाडी

मारुतीची ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. त्यामुळं जुन्या ओम्न्या दिसल्या तरी त्यांचं वय बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. स्वस्तात मिळालेली २०१२ ची ओम्नी म्हणजे लगेच दारात उभा राहणारा खर्च. ईको २०१० पासून आहे, १.२ लिटरचं इंजिन आहे, सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. दोन्ही गाड्यांना सरकती दारं आहेत, आणि पेठांतल्या बोळात गाडी लावल्यावर त्याचं मोल कळतं. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. लांबून चालवत आलात तर झोपायच्या आधी तासभर दारं उघडी ठेवावी लागतात.

मी मालवाहू ईको घेतली, कार्गो. कारण साधं आहे. तिच्यात मागची सीट मुळातच नसते, त्यामुळं काढायचा प्रश्न येत नाही. आरसीवर जेवढी आसनक्षमता लिहिलेली आहे ती बदलणं हा गाडीतला बदल धरला जातो. कार्गोची नोंद मालवाहू गाडी म्हणून होते. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असल्यामुळं परमिट लागत नाही. पण फिटनेसचा, म्हणजे गाडी चालवण्यायोग्य असल्याचा, दाखला लागतो: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. विमाही मालवाहू गाडीचा. आणि चालू गाडीत मागं कुणालाही बसवायचं नाही, मित्र असो की पाहुणा. माझ्याकडं खरोखर हत्यारांची वाहतूक असते म्हणून मला हे सोयीचं पडलं. ज्याचं काम लॅपटॉपवरचं आहे त्यानं खासगी पाच सीटर घेऊन, सीटला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारावं.

सीएनजीचा मोह होईल. मायलेज चांगलं आहे, पण टाकी जागा खाते आणि तिची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. झोपायच्या गाडीत मला प्रत्येक वीतभर जागा महत्त्वाची वाटली.

आता कोल्हापुरात जुनी गाडी घेताना सगळ्यात महत्त्वाची तपासणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. धुऊन, पॉलिश करून त्या नव्यासारख्या दिसतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी रिळातून संपेपर्यंत. जो भाग कधी बाहेर येत नाही तिथं गाळाची तांबूस रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. मग फरशीचं रबर उचला, स्टेपनीची जागा बघा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरींचे जोड चाचपा. बारीक, वाळलेली, पिठासारखी माती बोटाला लागते. मी पाहिलेली तिसरी गाडी अशीच होती. बाहेरून चकाचक, विकणारा म्हणत होता एका हाताची आहे, आणि बेल्टवर टाचेच्या रुंदीएवढी मातकट रेघ. कोकणातून आलेली गाडी असेल तर गंज बघा: सरकत्या दाराची पट्टी, चाकांच्या कमानी, खालचा पत्रा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा आणि चलन बाकी आहे का तेही बघून घ्या.

कायद्यातली मेख

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. विनापरवाना बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. छत कापून खिडकी बसवणं, फरशीला पलंग वेल्ड करणं, पक्की गॅसलाइन टाकणं, हे सगळं यात येतं. परदेशातले व्हिडिओ बघून ग्राइंडर हातात घेऊ नका. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते पर्यटनासाठी आहे. तुमच्या-माझ्या गाडीतल्या बिऱ्हाडाला त्यातून वेगळा हक्क मिळत नाही.

म्हणून नियम एकच: आत जे काही ठेवाल ते सामान असलं पाहिजे, गाडीचा भाग नव्हे. अर्ध्या तासात, पान्ह्याशिवाय, सगळं बाहेर निघालं पाहिजे.

आतलं काम

उद्यमनगरात ज्या मिस्त्रीकडं मी गेलो त्याला मी लोखंडी चौकट फरशीला पक्की करायला सांगत होतो. तो वाकून आत बघत म्हणाला, ‘भावा, वेल्डिंग नगं. उद्या गाडी इकायची म्हटलास तर कोण घेणार?’ त्यानंच सुचवलं ते मी केलं. एक इंची चौकोनी पाइपाच्या तीन सुट्या चौकटी, प्रत्येकीला चार पाय, पायांना रबराचे बूट. चौकटी एकमेकींना हातानं फिरणाऱ्या नटांनी जोडल्या आणि गाडीत माल बांधायचे जे हूक असतात त्यांना रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळल्या. एकही भोक पाडलं नाही. फिटनेसच्या दिवशी मी सगळं सोडून आवारात रचून ठेवतो आणि मोकळी गाडी घेऊन जातो.

पलंगाची लांबी गाडीत बसून टेपनं मोजा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. माझ्याकडं पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत पावणेसहा फूट मिळाले. माझी उंची साडेपाच आहे, म्हणून चाललं. रुंदी सव्वादोन फूट ठेवली, म्हणजे बाजूनं हत्यारांची पेटी आणि पाय ठेवायला पट्टा उरतो. उंची अशी ठेवा की पलंगावर ताठ बसता आलं पाहिजे. गाडीत चार फुटांच्या आसपासच उंची असते, त्यामुळं पलंग एक फुटाहून वर नेलात तर रोज संध्याकाळी मान वाकवून बसावं लागेल. खाली सामान कमी बसलं तरी चालेल, मान महत्त्वाची.

पत्र्याला आतून फॉइल लावलेला फोम बसवा. गोंदानं चिकटवलेला फोम एप्रिलच्या उन्हात निखळून माझ्या अंगावर पडला. दुसऱ्या वेळी पत्र्याच्या फासळ्यांत घट्ट बसेल असा कापून नुसता खोचला, तो अजून जागेवर आहे. काचांसाठीही त्याच फोमचे तुकडे कापून ठेवा. दिवसा ऊन अडतं, रात्री आत दिवा असला तरी बाहेर दिसत नाही. सरकत्या दाराला मच्छरदाणीचं कापड चुंबकाच्या पट्टीनं लावा.

वीज

आधी गरज मोजा. माझा १५ वॅटचा पंखा नऊ तास, ६ वॅटचा दिवा चार तास, मोबाइल, आणि ४५ वॅटचा लॅपटॉप दोन तास: मिळून रोज साधारण २६५ वॅट-तास. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. सगळी रिकामी करायची नसते, तरी साडेतीन दिवस निघतात. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी स्वस्त पडते म्हणून आत ठेवू नका. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही तिच्याशेजारी दार लावून झोपणार आहात.

चार्जिंगचा मुख्य आधार गाडीचं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारं यंत्र, ठेवा. त्याची वीज या बॅटरीत भरणारा २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की तासाला अडीचशे वॅट-तासांच्या आसपास भरणा होतो. गडहिंग्लजला जाऊन आलो की बॅटरी जवळपास भरते. वायर १० चौरस मिलिमीटरची घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवा. फ्यूज नसलेल्या वायरीचं आवरण पत्र्यावर घासून गेलं तर गाडीला आग लागू शकते. सोबत १०० वॅटचं घडीचं सौर पॅनेल आहे. उघड्या हवेत ते दिवसाला चारशे वॅट-तासांपर्यंत देतं, जुलैत त्याच्या चौथाईही नाही. हाताशी दोन किलोचं पावडरचं अग्निशामक ठेवा, दाराजवळ, पलंगाखाली नव्हे.

पावसाळा

आता खरी परीक्षा. उन्हाळा सावलीत निघतो, थंडी दोन रगांत निघते. कोल्हापुरात व्हॅन सोडून जाणारी माणसं ओलीला कंटाळून जातात.

पहिल्या जुलैत मी खिडक्या गच्च लावून झोपायचो, पाऊस आत येऊ नये म्हणून. तिसऱ्या आठवड्यात पाठीला गार लागायला लागलं. गादी उचलली तर खालची प्लायवूडची फळी काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली, आणि माझ्या अंगाच्या आकाराचा ओला डाग. पाणी छतातून गळलेलंच नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. बंद गाडीत ते गार पत्र्याला आणि गादीच्या खालच्या बाजूला जाऊन पाणी होतं. हे कळल्यावर मी सगळं उलट केलं. प्लायवूड काढून दोन बोटं फट सोडून सागाच्या पट्ट्या टाकल्या. फोमची गादी देऊन काथ्याची घेतली. दारांना पावसाळी व्हायझर लावून दोन्ही पुढच्या काचा दोन-दोन बोटं कायम उघड्या ठेवल्या आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा मागं तोंड करून लावला. रोज सकाळी गादी उभी करायची, अर्धा तास. त्यानंतर बुरशी आली नाही.

ओला रेनकोट, ओले बूट, ओली छत्री गाडीत कधीही घ्यायची नाही. मागच्या दाराबाहेर लटकवायला एक हूक आणि वर छोटी ताडपत्री बांधा. पावसाळ्यात कपडे लाँड्रीतून वाळवूनच आणा, तिथं पैसे वाचवू नका.

जागेची माती बघा. मळ्यातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि एका पावसात चाक अर्धं गिळते. मुरूम, जांभा किंवा काँक्रीट असेल तिथंच थांबा, आणि गाडीचं नाक थोडं उताराला ठेवा म्हणजे छतावरचं पाणी काचेवरून निघून जातं. वळवाच्या पावसाआधीच्या दिवसांत मोठ्या झाडाखाली रात्र काढू नका. एप्रिल-मे महिन्यात दुपारी हीच सावली जीव वाचवते, पण संध्याकाळी वारा सुटला की फांद्या आधी खाली येतात.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. या दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. माझा नियम: पातळी ३५ फुटांवर गेली आणि पाऊस थांबलेला नसला की मी कशाची वाट न बघता निघतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. त्यातला पहिला उघडल्याची बातमी आली तरी मी आवराआवर सुरू करतो. पुरासाठीची जागा निवडताना एक गोष्ट बघा: ती नदीच्या कुठल्या बाजूला आहे? पन्हाळा उंच आहे म्हणून तिकडं पळालात तर मध्ये पंचगंगेचा पूल आणि केर्लीजवळचा रस्ता आहे, आणि तो पाण्याखाली जातो. मग तुम्ही सुरक्षित असाल, पण कामापासून, लाँड्रीपासून, डॉक्टरपासून तुटलेले. मी दक्षिणेला जातो, गोकुळ शिरगावच्या माळावर, एका कारखान्याच्या फाटकाबाहेर. ही परवानगी मी मे महिन्यातच मागून ठेवतो. पूर आल्यावर मागायला गेलात तर तिथं आधीच माणसं आणि जनावरं आलेली असतात, आणि त्यांचा हक्क पहिला.

खाणं

आत स्वयंपाक करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचून राहतो आणि तुमचं अंथरूणही तिथंच असतं. ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. थंडीत शेगडी किंवा निखारे आत घेऊन झोपलेली माणसं उठत नाहीत. इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच. पाच किलोचा छोटा सिलिंडर मी बाहेर, जमिनीवर, मागच्या उघड्या दाराच्या आडोशाला लावतो, आणि तेही फक्त ढाब्यावर किंवा मळ्यात, कारण आवारात मालकीण काकूंची अट आहे.

पण कोल्हापूरचं खाणं फ्रीजशिवाय राहणाऱ्याच्या सोयीचं आहे. कांदा-लसणाची चटणी वर्षभर टिकते. शेंगदाणे, गूळ, कांदे, लसूण, बेसन आठवडे टिकतात. ज्वारीची भाकरी पोळी-भाजी केंद्रातून रोज मिळते. पाच मिनिटांत झुणका होतो. दूध साठवायची गरजच नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हैस समोर पिळून देतात, तिथंच उभं राहून प्यायचं. दुपारचं जेवण मी महिन्याच्या खानावळीत घेतो. मटण कधीही गाडीजवळ शिजवायचं नाही, तो वास गादीत दोन-तीन दिवस राहतो. तांबडा-पांढरा खायचा तर खानावळीत पंगतीला बसूनच.

हिशेब

खोलीत असताना महिना असा जायचा: भाडं ७,५००, लाइटबिल ८००, लॉज ३,०००, खाणं ५,५००, पेट्रोल ४,०००. एकूण २०,८००. आता: पेट्रोल ५,५००, खाणं ४,०००, आवार १,५००, व्यायामशाळा ७००, लाँड्री आणि पाणी ६००, गॅस ३००, आणि विमा, फिटनेस, टायर, दुरुस्ती यांसाठी बाजूला २,०००. एकूण १४,६००. महिन्याला ६,२०० वाचतात. गाडी २,३५,००० ला पडली, आतलं काम ६२,००० चं झालं. म्हणजे पैसे फिटायला चार वर्षं, आणि तोवर गाडी हातात राहते.

या हिशेबात लॉजचे ३,००० बघा. ते नसते तर बचत निम्म्यावर आली असती. तुमचं काम एकाच जागी असेल आणि पाच हजारात साधी खोली मिळत असेल, तर व्हॅन स्वस्त पडणार नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. आणि ते २,००० दर महिन्याला खरोखर वेगळ्या खात्यात टाका. क्लच गेला की खोलीवाला माणूस रिक्षानं घरी जातो. तुमचं घरच गॅरेजमध्ये उभं असतं. त्या दोन-तीन रात्रींसाठी लॉजचे पैसे हाताशी पाहिजेत.

आजारी पडल्यावर

ताप आला की गाडीत राहायचं नाही. पहिल्या वर्षी मी राहिलो. ऑगस्टमध्ये दोन दिवस तापानं पडून होतो, फोन बंद पडलेला, आणि बाहेर कुणालाच पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी दार वाजवलं, कारण दोन सकाळी मी नळावर दिसलो नव्हतो. तेव्हापासून गाडीची दुसरी चावी त्यांच्या देवघराच्या खिळ्याला असते. भावाला रोज रात्री जागा कळवतो, फक्त गावाचं नाव आणि कुणाच्या दारात ते: ‘गडहिंग्लज, ढाबा’ किंवा ‘आवार’. सकाळी नऊपर्यंत माझा निरोप गेला नाही तर तो आधी मला फोन लावतो, मग काकूंना. कागदपत्रांच्या प्रती, रक्तगट आणि चालू औषधांची नावं एका पाकिटात घालून ते पाकीट गाडीच्या कप्प्यात आणि दुसरं भावाकडं आहे. तुमची व्हॅन तयार झाली की पहिल्या रात्री झोपण्याआधी ही चावी कुणाकडं द्यायची ते ठरवा आणि त्यांच्या हातात नेऊन द्या.